धुतलेली वाळू

गाळणीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते सांगलीला. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एकेक प्रकल्प करायचा असे. बाकीच्या पोरांनी पूल घेतले, बंधारे घेतले, एकानं तर विमानाची धावपट्टी घेतली आणि त्यानं विमान फक्त आभाळात बघितलं होतं. मी वाळू घेतली. आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. हे मी इतक्या वेळा सांगतो की घरातली पोरं आता तोंड फिरवतात, पण मी सांगणार. ज्याच्या बापानं पलटणीत असताना पगारातून फी भरली आणि ज्याच्या आईनं कधी पाटीला हात लावला नाही, त्यानं हे सांगितलंच पाहिजे. तर पूल बांधायला पुष्कळ लोक आहेत, आपण आपल्या गावाच्या उपयोगाचं काहीतरी करावं, असं माझ्या मनात होतं. मन चांगलं होतं, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात ते कुठं दिसणार नाही.

उन्हाळाभर मी कृष्णेची वाळू सायकलवर पोत्यानं ओढली. ती वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांतून चाळायची, फार बारीक ती टाकायची, फार जाड ती टाकायची, मधली तेवढी ठेवायची आणि धुवायची. होस्टेलच्या मोरीत वाळू धुतो म्हणून रेक्टरनं दोनदा दंड केला, तेव्हापासून मी घाटावर जाऊन धुवायला लागलो. तिथं धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या. एक म्हातारी रोज विचारायची, "काय रं लेकरा, सोनं घावलं का?" प्रयोगशाळेच्या मागं सिमेंटचा एक उभा पाइप लावून, तळाला खडी, तिच्यावर जाड वाळू आणि वर अडीच-तीन फूट बारीक वाळू अशी गाळणी मी उभी केली. वरून नदीचं पाणी घालायचं, खालून नळीनं करंगळीएवढी धार यायची.

पहिल्याच दिवशी पाणी काचेसारखं आलं. मी हरखून सरांना बोलवायला गेलो. आमचे सर बारीक अंगाचे, बोलायला तुटक. त्यांनी ग्लास उजेडात धरला, पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं आणि म्हणाले, "दिसायला स्वच्छ आहे. तपासून आण." तपासलं तर नदीच्या पाण्यात जेवढे जंतू तेवढेच त्यात. दुसऱ्या आठवड्यात तीच तऱ्हा. तिसऱ्या आठवड्यात वाळूच्या वरच्या अंगाला एक तपकिरी-हिरवट, बुळबुळीत साय धरली आणि त्या दिवसापासून खालचं पाणी निर्मळ झालं. सरांनी मला पाइपापाशी उभं करून सांगितलं, "वाळू पाणी शुद्ध करत नाही. ह्या सायीत जे जीव आहेत ते करतात. ते बाहेरचे जंतू खातात. साय मेली की तुझी गाळणी म्हणजे नुसती चहाची गाळणी." धार फारच मंदावली तर वरचा बोटभर थर तेवढा अलगद खरवडायचा आणि पुन्हा साय धरेपर्यंत पाणी उकळून प्यायचं, एवढाच तिचा नेम. मला तेव्हा हे इतकं सुंदर वाटलं की त्या रात्री मेसमधलं पातळ वरणसुद्धा मी दोनदा मागून खाल्लं.

आता घरचं सांगतो. आमचं गाव रहिमतपुराच्या जवळ, ओढ्याकाठी. प्यायचं पाणी ओढ्यालगतच्या पायऱ्यांच्या विहिरीचं. बायका पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायच्या. पावसाळ्यात ओढ्याचं तांबडं पाणी थेट विहिरीत यायचं आणि मग घरोघर पोरांना जुलाब लागायचे. माझी थोरली बहीण, आक्का, जावळीत मेढ्याच्या पलीकडच्या एका वाडीत दिलेली. दाजी पलटणीत. आक्काची दोन मुलं एकापाठोपाठ एक अशीच पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी गेली होती. दुसऱ्या वेळी ती माहेरी आली तेव्हा तिला रडू येत नव्हतं. चुलीपुढं बसून ती तासन् तास भाकरीच्या पिठात बोटानं रेघा ओढायची आणि आई त्या रेघा पुसून पीठ मळायला घ्यायची. तिसऱ्या खेपेला आमच्याच घरी तिला मुलगा झाला. नाव राजाराम, सगळे राजा म्हणायचे. पाचव्या महिन्यात सासरी पाठवायची रीत. मी दाजींना पत्र लिहिलं, आक्काला एवढा पावसाळा इथंच राहू द्या, मी घरात पाण्याची गाळणी बसवतो, ह्या पोराला काही होणार नाही, मी इंजिनियर होतोय. दाजींनी होकार कळवला. आक्काच्या सासूनं मात्र निरोप धाडला की, भावाच्या पाण्यावर लेकरं जगत असती तर देवाला काय काम हुतं.

जूनमध्ये मी आमच्या परड्यात गाळणी उभी केली. पाइप बैलगाडीतून आणला. रहिमतपूरचे हुसेनचाचा पत्र्याची कामं करत, त्यांनी नळी आणि तोटी बसवून दिली. त्यांना काम पटलं होतं की नाही कोण जाणे, पण जाताना म्हणाले, "एवढ्या वाळूतनं पानी निघायचं म्हंजे आमच्या बेगमकडनं पैसं निघाल्यासारखं हाय." आण्णा, म्हणजे माझे वडील, पेन्शन घेऊन घरी आले होते. ते त्या विनोदाला महिनाभर हसले. मी तीन आठवडे सगळ्यांना विहिरीचंच पाणी उकळून प्यायला लावलं, साय धरू दिली, पाण्याच्या बाटल्या बर्फात आणि लाकडाच्या भुश्यात गुंडाळून पॅसेंजरनं सांगलीला नेल्या, तपासल्या. पाणी निर्मळ आलं. तेव्हाच आमच्या घरात तो आवाज सुरू झाला. तोटीखाली तांब्याची घागर ठेवलेली असायची आणि तिच्यात बारीक धार पडायची. घागर रिकामी असली की आवाज टणटणीत, भरत आली की खोल, घोगरा. आई त्या आवाजावर स्वयंपाक करायची. घागर घोगरली की म्हणायची, आता भाकरी टाकायची येळ झाली. राजा त्या आवाजाला झोपायचा.

इथं माझी चूक झाली, आणि ती पहिली. गाळणी बघायला सरपंच तात्या आले होते. तात्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, नाक मुरडलं. "आरं इंजनेर, गटारीचं पानी पाजतुयास व्हय रं घरच्यास्नी? ह्ये वर काय शेवाळ?" मागं पाच-सहा माणसं उभी होती, ती हसली. माझ्या तोंडावर आलं होतं, तात्या, त्या शेवाळातच सगळी जादू आहे, त्यात जीव आहेत, ते पाणी साफ करतात. पण जिवंत किड्यांनी साफ केलेलं पाणी गावात कोण पिणार? कॉलेजात शिकून हेच शिकला का म्हणतील. मी म्हणालो, "ते काय न्हाई तात्या, वरची घाण हाय. सगळं काम वाळूचं." आणि झाकण घातलं. मग आईनं एक-दोनदा विचारलं, ती वरची घाण काढू का. मी तिला म्हणालो, "आये, तुला त्यातलं काय कळतंय? तू हात लावू नगंस." का लावायचा नाही, ते सांगितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. चुलीपुढं बसून, दुधावरच्या सायीचा दाखला देऊन तिला सांगता आलं असतं. तिनं आयुष्यभर दह्याला विरजण लावलं होतं. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत असतं आणि ते काम करतं, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. हा दाखला मला सुचला तो बारा वर्षांनी.

गणपतीच्या सुट्टीत मी माझा अर्धा अहवाल टाइप करून घेऊन घरी गेलो, इंग्रजीत, चाळीस पानं, निळ्या पुठ्ठ्यात. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला, हळद-कुंकवाची बोटं लावली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवला. म्हणाली, ह्यात माझ्या नातवाचं पानी हाय. तो पावसाळा जोराचा होता. गावात पोरं आजारी पडत होती, पण आमच्या घरात राजा बाळसं धरत होता. मनगटांना वळ्या पडल्या होत्या. आक्का गाणं म्हणायला लागली होती, हे मला आण्णांनी पत्रात लिहिलं. आण्णा कधी असलं काही लिहीत नसत.

आमच्याकडं पितरपाठ सरत आला की घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढतात. वाकळा, धडपी, कापडं ओढ्यावर जातात, उतरंडीतली मडकी रिकामी होतात, भिंती सारवतात, चुलीमागची जळमटं निघतात. याला 'दसरा काढणं' म्हणतात. देवी घरात येणार, तर घरात मळ राहता कामा नये. ह्यात बायांची जी हौस आणि जी धास्ती असते ती ज्यानं बघितली नाही त्याला कळायची नाही. एखादी वस्तू धुवायची राहिली तर वर्षभर आई टोचणी लावून घ्यायची. त्या वर्षी तिनं घर धुतलं आणि शेवटी परड्यात तिची नजर गाळणीकडं गेली. मी हात लावू नको म्हटलं होतं. पण घट बसायचा आणि घरात शेवाळ?

तिनं आणि आक्कानं मिळून सगळी वाळू बाहेर काढली. तीन पाण्यांनी धुतली, शेवटचं पाणी कडकडीत. वाकळंवर पसरून दोन दिवस उन्हात वाळवली. खडी राखेनं घासली. पाइप आतून नारळाच्या शेंडीनं घासला. आणि सगळं माझ्या चित्राप्रमाणं, खाली खडी, मग जाड, मग बारीक, अगदी बिनचूक परत भरलं. मी नंतर थर मोजून बघितले. बोटभरसुद्धा फरक नव्हता.

मी आलो तो शनिवारी, नवरात्राच्या मधल्या दिवसांत. अंगणातच मला कळलं. आवाज बदलला होता. धार मोठी, घागर भराभर भरत होती. आत घट बसलेला, वर फुलांची माळ आणि तळलेल्या कडाकण्या टांगलेल्या, घरभर तेलाचा आणि झेंडूचा वास. मी परड्यात जाऊन झाकण उचललं. वाळू पांढरीशुभ्र होती. आई पदराला हात पुसत मागं उभी राहिली होती. परीक्षेचा पेपर चांगला गेलेल्या पोरासारखा तिचा चेहरा होता. "धुतली," ती म्हणाली. "तीन पाण्यानं. बघ की धार कशी आलीया. तू उगंच भीत हुतास." आणि तिच्या मागं दारात आक्का, कडेवर राजा, हातात वाटी. ती त्याला पाणी पाजत होती.

त्याच वेळी तात्या आले. सोबत शाळेचे गुरुजी आणि पंचायतीचे दोघं. गावच्या विहिरीवर असली मोठी गाळणी बांधायची तर पंचायतीनं ठराव करावा का, हे ठरवायला ते मुद्दाम माझ्या सुट्टीचा दिवस धरून आले होते. तात्यांनी झाकण उचललं आणि पहिल्यांदा त्यांचं तोंड खुललं. "आता कसं! आता वाटतंय पानी म्हनून." पेला भरून प्याले, गुरुजींना दिला. गुरुजी म्हणाले, आपल्या गावचा पोरगा. आण्णा ओसरीवर उभे होते, पलटणीत उभे राहत तसे, ताठ. आणि मी, माझ्या भावकीतला पहिला शिकलेला, तिथं गप्प उभा राहिलो. एवढं बोलायचं होतं: हे पाणी पिऊ नका, ही गाळणी मेली आहे. मी म्हणालो, घ्या की चहा. त्यांना जायला दोन तास लागले. त्या दोन तासांत आक्कानं राजाला आणखी किती वाट्या पाजल्या ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. माझं कामच मोजायचं होतं.

ते गेल्यावर मी आक्काला म्हणालो, तीन आठवडे पाणी उकळून दे. ती म्हणाली, का रं? मी म्हणालो, सरांनी सांगितलंय. तिनं लगेच पातेलं चुलीवर ठेवलं. तिचा माझ्यावर एवढा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाला जुलाब सुरू झाले. दुपारी उलट्या. आक्का त्याला मांडीवर घेऊन बसली होती. हे तिला सगळं पाठ होतं, पुढचं काय तेही पाठ होतं. सोमवारी पहाटे गाडी जुंपून रहिमतपूरला नेला. डॉक्टरांनी चिमटीत पोटाची कातडी धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ते म्हणाले, साताऱ्याला न्या, सलाइन लावावं लागेल. एस.टी.त आक्का खिडकीशी बसली होती. कोरेगावच्या अलीकडं तिनं पदर पुढं ओढून राजाचं तोंड झाकलं. उन्हासाठी झाकलं असं मला वाटलं. मी म्हणालो, थांब, मी खिडकी लावतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता."

साताऱ्याला आम्ही उतरलो आणि रस्ता ओलांडून परतीच्या गाडीत बसलो.

माझ्या शिक्षणाशी इमान राखून मला इथं लिहिलं पाहिजे की तो आधीच्या आठ दिवसांच्या पाण्यानं गेला की त्या शनिवारच्या दोन तासांच्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित पाण्यानं गेलाही नसेल. रोगाचं असंच असतं, तो पावती देत नाही. पण मी आता सत्तरी ओलांडलेला माणूस आहे आणि मला त्या शंकेचा फायदा कधी घेता आला नाही.

तिसऱ्या दिवशी आई परड्यात आली. मी गाळणीपाशी बसलो होतो. घट आम्ही मधेच उठवला होता, कडाकण्या कुणी खाल्ल्या नव्हत्या, त्या तशाच टोपलीत मऊ पडल्या होत्या. आई माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"मी वाळू धुतली, त्येनं तर काय झालं न्हाई न्हवं?"

मी तिच्याकडं बघितलं. तिचे हात अजून राखेनं फुटलेले होते. एका बाजूला ती होती. दुसऱ्या बाजूला गाळणी होती, तात्यांचा ठराव होता, पायऱ्यांची विहीर होती आणि गावातली सगळी पोरं होती. खरं सांगितलं असतं तर गाळणी वाचली असती आणि आई गेली असती. मी म्हणालो, "न्हाई आये. वाळूचा काय दोष न्हाई. माझ्याच बांधनीत चूक हुती. गाळनीच खोटी निघाली."

तिनं मान हलवली. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं आणि त्याच क्षणी तिच्या नजरेत माझ्याविषयी जे आलं तेही दिसलं. आक्का आतून ऐकत होती. संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, "तुझ्या नादानं मी सासूला दुखवली." दाजींच्या गावचे लोक येऊन तिला घेऊन गेले. पुढं तिला मुलगी झाली, ती जगली, आज तिला नातवंडं आहेत. पण त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं आक्का भाऊबीजेला आली नाही. आली तेव्हा माझ्या घरचं पाणी ती प्यायली नाही. चहा घेतला. चहा उकळलेला असतो.

गावात दोन दिवसांत झालं, गाळणीनं पोर मारलं. पंचायतीचा ठराव कुणी काढला नाही. तात्या मला भेटले तेव्हा मात्र टोमणा मारला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला टोमण्यापेक्षा जड गेला. पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यानं गावातले आणखी पाळणे रिकामे झाले. मी तेव्हा सांगलीत परीक्षेच्या निकालाची वाट बघत होतो. त्या पोरांचे आईबाप मला नंतर लग्नाकार्यात भेटत राहिले, नमस्कार करत राहिले. गाळणीचा पाइप बरीच वर्षं परड्यात उभा होता, त्यात कोंबड्या बसायच्या. वाळू आईनं पोत्यात भरून ठेवली आणि शेंगा भाजायला वापरली. तसल्या खरपूस शेंगा मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

मला पहिला वर्ग मिळाला. सरांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, देखभालीच्या पानावर अजून जोर दे. मी दिला. खरं तर ती ओळ आधीच्या अहवालातही होती. तेहतिसाव्या पानावर, मधोमध, खाली रेघ ओढलेली, नीट इंग्रजीत: वरच्या थराला धक्का लावू नये, पाणी शुद्ध करतो तो हाच थर. गणपतीपासून ती ओळ आमच्या घरात होती, देवाच्या कोनाड्यात, कुंकू लावलेली. त्या पितरपाठात वाळू उपसायच्या आधी आईनं कोनाडा धुतला तेव्हा तिनं तो निळा पुठ्ठा खाली काढला असणार, पुसला असणार आणि परत ठेवला असणार.

आई त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. गाळणी खोटी निघाली हे तिनं मान्य केलं होतं, पण पुस्तक कोनाड्यातून काढलं नाही. पोरगं शिकलं त्याची ती खूण होती. दरसाल दसरा काढताना मी रजा काढून गावी जायचो, वाकळा ओढ्यावर न्यायला मदत करायचो. ती तो पुठ्ठा खाली घ्यायची, पदरानं पानं पुसायची, एकेक करून, सगळी चाळीस. तेहतिसावंही पुसायची. कधीमधी डोळे बारीक करून त्या अक्षरांकडं बघायची आणि विचारायची, "यात काय लिवलंय रं?"

मी म्हणायचो, "पान्याचं हाय, आये."

"व्हय," ती म्हणायची, आणि पुढचं पान पुसायला घ्यायची.